बेवारस मशीन

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात मदतीसाठी फोनवर फोन येत होते, पण पडद्यावरचा गाड्यांचा नकाशा काही केल्या हलत नव्हता. भरपूर मेमरी असूनही सर्व्हर सगळा भार संथ डिस्कवर का ढकलतोय, हे शोधता शोधता तो सांभाळणारी इंजिनिअर रडकुंडीला आली होती.

“सर्व्हरच्या आत चालणारी ही एकच व्हर्च्युअल मशीन सगळी मेमरी गिळतेय. कुणाची आहे ही?”

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

“अगं, माणसं मरतील तिकडे! बंद करून टाक ती!” साहेब ओरडले.

तिने मशीन बंद केली. नकाशा झरझर हलू लागला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.



चहा संपत आला तरी एकही फोन वाजला नाही, तेव्हा कप तसाच टाकून ती बंद केलेली मशीन पुन्हा चालू करायला धावली.