तिर्झाच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या

ज्यू विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाबद्दल राज्य आयोगाने जनसुनावणी ठेवली होती. माझ्या मुलीने, तिर्झाने, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आपल्या टेबलावर सापडलेल्या सात शिवराळ चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. "हे आणखी कोणी पाहिलंय का?" अध्यक्षबाईंनी विचारले. कोणीच पाहिले नव्हते, वर्गात ज्यू ती एकटीच. दुसरी साक्ष मिळाली नाही, तर तक्रार तिथेच निकालात निघणार होती. एका निरीक्षणावर निष्कर्ष उभा राहत नाही, हे मी आयुष्यभर शिकवत आलो. त्या दिवशी मात्र तो नियम मला फार निर्दय वाटला.

पुढचा साक्षीदार उठला, तशी तिर्झाने माझी बाही ओढली. "बाबा, हा माझ्या वर्गातला कोडी. सकाळी माझ्या टेबलापाशी घुटमळताना दोनदा दिसलाय. चिठ्ठ्या हाच ठेवतो."

"नोंदीसाठी पूर्ण नाव सांगा," अध्यक्षबाई त्याला म्हणाल्या.

"याकोव लान्स्की. कोडी हे वर्गातलं नाव. मीही ज्यू आहे. वर्गात कोणाला सांगितलेलं नाही." मग त्याने पिशवीतून एक जाडजूड पाकीट काढले. "तिला सात मिळाल्या. या उरलेल्या चाळीस. ती यायच्या आत मी उचलून ठेवायचो."

तक्रार चौकशीसाठी दाखल झाली. बाहेर आल्यावर तिर्झाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "गाढवा, तूही ज्यू आहेस हे मला तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं गं," तो म्हणाला, "पण मग वर्गभर झालं असतं, आणि रोज तुझं नि माझं अशी दोन टेबलं साफ करावी लागली असती."