दहा मिनिटांचा पंखा

गोष्ट दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यातली. भर दुपारी वायरमनकाकूंच्या मधल्या खोलीत तीन माणसं पुतळ्यासारखी बसली होती. चौथे वायरमनकाका. ते चार महिन्यांपासून निजूनच होते. अर्धांगाने हातपाय गेले, वाचा गेली; डोळे आणि कान तेवढे उरले होते.

"कोणी हलायचं नाही हं," काकूंनी बजावलं होतं. "दहाच मिनिटं. मग मला काय ते सांगा."

खुर्चीत सोसायटीचे सेक्रेटरी घामाने निथळत होते. स्टुलावर इमारतीत दिवे-पंखे आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर मुलगी, मांडीवर मोबाईल ठेवून. काकू पलंगाच्या कडेला.

आधी दिवा गेला. मग पंखा मंदावत मंदावत थांबला. खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागून, त्यामुळे दुपारीसुद्धा अंधार झाला. मुलीच्या मोबाईलवर इमारतीची साठही घरं चौकोनाचौकोनांत दिसत होती.

"काय म्हणतोय तो?" काकूंनी मान न वळवता विचारलं.

"मधली खोली रिकामी," मुलीने वाचलं.

"आणि आपण चौघं काय भुतं?"

सेक्रेटरींना उकाडा सोसेना. त्यांनी हात वर केला. लगेच दिवा लागला, पंखा फिरू लागला.

"आला की! काकू, एवढंच तर करायचं. अधूनमधून जरा हात हलवायचा."

"तुम्हाला हात आहे, सेक्रेटरी."

सेक्रेटरींनी हात खाली घेतला.

"मी स्वयंपाकघरात गेले की यांचा पंखा बंद," काकू मुलीला सांगू लागल्या. "न्हाणीत गेले की बंद. गजर लावून झोपते, उठते, हात हलवते, पुन्हा पडते. दर दहा मिनिटांनी! पंख्याखाली ओढणी बांधून पाहिली, फडफडत राहील म्हणून. तरी बंदच."

"त्याला कापड कळत नाही, काकू. हलणारी ऊब लागते."

"ऊब यांनाही आहे. हात लावून बघ."

मुलीने हात लावला नाही. "फ्रीजच्या प्लगवर टेबलफॅन..."

"लावला होता. फ्रीजही बंद पडला. परवाच दूध नासलं."

"हो, तिथे फ्रीजपुरतीच वीज सोडलीय." मुलीचा आवाज खाली आला. "एकाच घरापुरता बदल यात होत नाही हो. दिवे, पंखे, पाणी, लिफ्ट, सगळं एकात एक गुंफलंय. दहाची वीस मिनिटं केली तर साठही घरांची होतात. म्हणून तर एवढ्या स्वस्तात बसलं. नुसत्या श्वासावरून माणूस ओळखणारी यंत्रणाही दाखवली होती आम्ही. किंमत तिप्पट होती."

"मग ती का नाही घेतलीत?"

मुलीने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी फरशीकडे.

"आता कसं सांगू, काकू. काकाच नको म्हणाले. विजेतलं आम्हाला काय कळतं? ते म्हणतील ती पूर्व दिशा. म्हणाले, श्वास मोजायला हे काय इस्पितळ आहे? जित्याजागत्या माणसाला हलल्यावाचून राहवतं का?" सेक्रेटरी घुटमळले. "सगळे हसलो होतो तेव्हा."

काकूंनी दाराजवळच्या भिंतीकडे पाहिलं. इमारत नवी होती तेव्हा तिची वायर न् वायर काकांनीच ओढली होती. त्या जागी काळं, गोल बटण असायचं. संध्याकाळी त्याचा टक्क आवाज स्वयंपाकघरात आला, की काकू चहाचं आधण ठेवायच्या. आता तिथे पांढरी पट्टी होती. तीही काकांनीच बसवलेली. शेवटचा स्क्रू पिळून हात झटकत म्हणाले होते, "चला, बटणाची कटकट संपली."

काका ऐकत होते. सगळं ऐकत होते. काकूंची नजर वळली तशी त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढं हलणं त्यांना जमत होतं. यंत्राला ते पुरत नव्हतं.

काकूंनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"असू द्या हो," त्या वाकून म्हणाल्या. "मी असते तिथे तर मीही हसलेच असते."

मग त्या उठल्या. "चहा टाकते. तोवर तुम्ही दोघं जरा हलत राहा."

चहा होईपर्यंत सेक्रेटरी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मुलगी स्टुलावर बसून एक पाय हलवत राहिली.

मुलीने पुढे ती कंपनी सोडली. आता ती दुसरीकडे हेच काम करते आणि पहिल्याच भेटीत विचारते, घरात कोणी निजून आहे का? लोकांना तो प्रश्न अपशकुनी वाटतो. सेक्रेटरी अजून सेक्रेटरीच आहेत. काकूंचा अर्ज पुढच्या बैठकीत घ्यायचा ठरला होता, मग त्याच्या पुढच्या. काकू भाचीकडे राहायला गेल्या. तिथे भिंतीवर बटणं आहेत. तरी जेवता जेवता त्यांचा हात वर जातो आणि भाची विचारते, "मावशी, काय वाढू?"

वायरमनकाका त्याच वर्षी गेले, थंडी पडू लागली होती तेव्हा. साठही घरांतली माणसं आली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी येत होतं, कोणी उठत होतं, कोणी काकूंच्या पाठीवरून हात फिरवत होतं. त्या दिवशी त्या खोलीतला दिवा सकाळपासून एकदाही गेला नाही.