यंदाही सापडलं नाही

ट्युनिशियातल्या झगवान डोंगरावरचं एक जांभळं रानफूल नामशेष झालं, असं सगळे धरून चालले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ वसीला मात्र दर वसंतात ते शोधायला जायची आणि सामान वाहायला नवरा हादी बरोबर असायचा. यंदा त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशनचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. शेवटी ती एकटीच गेली. दुपारी त्याचा फोन आला.

“सापडलं का गं?”

“नाही रे.”

“कसं सापडेल? माझ्याशिवाय तुला घरात चष्मा सापडत नाही.” मग हादीच म्हणाला, “डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. पुढच्या वसंतात दोघं जाऊ.”

“घेते,” म्हणून वसीलाने फोन ठेवला आणि समोर डुलणाऱ्या त्या जांभळ्या फुलाला शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून भोवती दगड रचायला घेतले.