पहिल्या प्रकरणातली आई

"तुमच्या पाचही कादंबऱ्यांत नायकाची आई पहिल्याच प्रकरणात का मरते?" केस हिरवे रंगवलेल्या मुलीने उभं राहून विचारलं, आणि रूसे शहराच्या वाचनालयातलं ते छोटं सभागृह हसलं.

मंचावर झाहारीही हसला. "तिला जिवंत ठेवलं तर पोरगा घराबाहेर पडेल का? राक्षस दारात येऊन उभा राहिला तरी ती म्हणणार, आधी चार घास खाऊन घे. मग कुठली गोष्ट अन् कुठलं काय. आई गेली की दार उघडतं. जुन्या परीकथांपासून हेच चालत आलंय. मी फक्त त्यात अवकाशयान घातलं."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत वेलिकानेही वाजवल्या, जरा उशिराच. झाहारी तिचा एकुलता मुलगा. तो आज सोफियाहून इथे येणार हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिच्या गावी, स्विश्तोवच्या बसथांब्यावर चिकटवलेल्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत त्याचा फोटो तिला दिसला होता, आणि सकाळी ती गाडीत बसली होती.

पाचही पुस्तकं तिने वाचली होती. पहिल्यात आई साथीत गेली, दुसऱ्यात आगीत. तिसऱ्यात चंद्रावरच्या वसाहतीतली हवा संपून ती गुदमरली, तेव्हा वेलिका उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडून आली होती. त्यापुढची पानं ती नेटाने वाचे. पण पुस्तकात ओळखीचं कुणी उरलेलं नसे.

"मला तर त्या आया लवकर गेलेल्याच बऱ्या वाटतात," शेजारची बाई तिच्याकडे झुकून म्हणाली. "नाहीतर नुसती रडारड. तुम्ही कुणाबरोबर आलात?"

"एकटीच आले."

"नातवासाठी सही हवी असेल."

"हो," वेलिका म्हणाली. तिला नातू नव्हता.

सहीच्या रांगेत तिचा नंबर आला तेव्हा झाहारीची मान खालीच होती. "कोणाच्या नावाने लिहू?" त्याने विचारलं. वेलिकाला आपलं नाव पटकन सांगता येईना. उत्तर आलं नाही म्हणून त्याने वर पाहिलं.

"आई? तू कधी आलीस?"

"मघाशीच."

"अगं, कळवायचं तरी."

"तू तरी कुठे कळवलंस?"

तिच्या मागे ती हिरव्या केसांची मुलगी उभी होती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, हातातलं पुस्तक पोटाशी धरलं आणि उगाच भिंतीवरचे फोटो बघू लागली.

वाचनालयाची माणसं झाहारीला जेवायला घेऊन जाणार होती. "तूही चल," तो म्हणाला. पण तिची शेवटची गाडी पाचला होती. मग तो तिला थांब्यापर्यंत सोडायला निघाला. डॅन्यूब नदीवरून बोचरा वारा येत होता. चालता चालता तिच्या हातातली पिशवी त्याने आपल्या हातात घेतली.

"सहावं कधी येतंय?" तिने विचारलं.

"येईल आता. दोन वर्षं अडकून पडलं होतं."

"कशाने?"

"आई मरत नव्हती."

वेलिका चालतच राहिली.

"तू दवाखान्यात होतीस ना, त्या हिवाळ्यात सुरू केलं होतं," तो म्हणाला. "दर वेळी तिला मारायला बसायचो आणि भलतंच लिहून उठायचो. दोघं गॅलरीत बसून लाल मिरच्या भाजतायत. साली काढतायत. बरण्या भरतायत. ती त्याला चिडवतेय, तुझी बोटं म्हणजे नुसती लाकडं. ऐंशी पानं झाली, तरी पोरगा घरातून हलेना."

"कुठल्या ग्रहावर?"

"शनीच्या एका चंद्रावर."

"तिथे मिरच्या होतात?"

"मी होऊ दिल्या."

वेलिकाला हसू आलं. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "मग?"

"मग गेल्या महिन्यात मारली." तो रस्त्याकडे बघत होता. "झोपेत. तिला काही कळलंसुद्धा नाही."

"ते बरं केलंस."

"आता गोष्ट धावतेय. प्रकाशक खूश आहे."

गाडी आली. त्याने पिशवी तिच्याकडे दिली, कोपराला धरून तिला पायरीवर चढवलं. ती तिथेच वळून उभी राहिली.

"त्या ऐंशी पानांचं काय केलंस?"

"पुस्तकातून काढली. घरी पडलीयत कुठेतरी."

"मला पाठव."

"त्यात काहीच घडत नाही, आई. असलं कोण वाचणार? नुसती दोघं बसलीयत."

मागची माणसं चढायला खोळंबली होती. ड्रायव्हरने वळून पाहिलं. वेलिका पायरीवरून हलली नाही.

"शेवटपर्यंत दोघंही आहेत ना?" ती म्हणाली. "मग पाठव."