कोपरापर्यंत निळं

सरकारी केंद्रातून कळ दाबली आणि मैदानात जमलेल्या सगळ्या गावकऱ्यांचे हुकमानं रंग बदलणारे कपडे एकदम पिवळे झाले. पिवळा म्हणजे होकार. नदी कापड-कारखान्याला द्यायला गाव राजी आहे. द्वारका रंगारणीचं लुगडं मात्र निळंच राहिलं.

"मावशी, तुमचं कापड बिघडलंय," अधिकारी म्हणाला.

"बिघडलं नाही. याच नदीच्या पाण्यात निळीचा रांजण लावून रंगवलंय. ते तुमच्या हुकमाला भीक घालत नाही."

त्यानं तिच्या अंगावर पिवळी शाल टाकली. "झालं. सगळे राजी."

द्वारकेनं शालीतून हात वर काढले. रांजण हातानंच ढवळायची रंगारणींची रीत, त्यामुळे हात कोपरापर्यंत निळे होते. तिला बघून मागच्या रंगारणींनीही आपापल्या पिवळ्या बाह्या वर सरसावल्या. खाली हातांवर तोच निळा.

"आणा आता एवढ्या शाली," द्वारका म्हणाली.