सामाईक गाडीचा बास

"वूफर दोन्ही चांगलेत," डिकीत डोकं घालून इलियासभाई म्हणाले. "पण एक हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. म्हणून बास मरतोय. एकाचं प्लस-मायनस बदललं की झालं."

"त्याचं बदला," निवास आणि धनाजी एकदमच म्हणाले. सामाईक गाडीत दोघा भावांनी आपापला वूफर स्वतःच जोडला होता.

"कुणाचंही बदललं तरी चालतं."

"मग त्याचंच. माझं बरोबर आहे."

संध्याकाळी तिसऱ्या, धाकट्या भावाची वरात याच गाडीमागे नाचणार होती. शेवटी आई आली. तिने पोरांत कधी भेदभाव केला नव्हता.

"दोघांचंही बदल, बाबा."

इलियासभाई समजावून थकले आणि दोन्ही बदलून मोकळे झाले.

वरातीत भाऊ समाधानी होते. नवरदेवाच्या घोड्याच्या टापा शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ ऐकू येत होत्या.