रेशमी दुलई

गावच्या चौकात, कन्फ्यूशियसच्या पुतळ्यासमोर, घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या दुलया उन्हात घातल्या होत्या. जिच्या सासूची दुलई उत्तम, तिच्या दारावर ‘आदर्श सून’ पाटी लागायची. शेजारच्या मेईफांगनं टांगलेली रेशमी दुलई बघून युनशियाच्या पोटात दुखू लागलं. “ठिगळांचं प्रदर्शन मांडलंस का गं?” युनशियाच्या जुन्या दुलईकडे बघून मेईफांग हसली. खोट काढायला युनशियानं ते रेशीम चाचपलं. घडी कडक होती, डांबरगोळ्यांचा वास येत होता. म्हणजे सासूला कधी पांघरायला दिलीच नव्हती! ती सरपंचांना हाक मारणार, तोच मेईफांगच्या सासूनं तिचा हात धरला. “गप बस, पोरी. पाटी दारावर लागली, तर लोकलाजेखातर तरी हिवाळ्यात ती मला दुलई देईल.” पाटी ठोकायला हातोडी युनशियानंच नेली, आणि मेईफांगच्या दारावर खिळे असे दणकून मारले, की पाटी जन्मात निघू नये.